गंगटोकचे पाहुणे चुरूच्या गच्चीवर

चुरू,
ज्येष्ठातली भाजकी दुपार

तीर्थरूप जीजाजींच्या आणि जीजीच्या चरणी मालचंदचा माथा टेकून नमस्कार.

आपण सर्व खुशाल असाल. जीजीचे गुडघे गंगटोकच्या पावसात दुखतात असं कळलं होतं, आता कसे आहेत? इकडे आम्ही जिवंत आहोत. खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण आपल्याशी खोटं बोलायला जीभ रेटत नाही. जीजाजी, आपण आमच्या मैनासाठी तिथलंच स्थळ पाठवलंत, फार उपकार झाले. पण ते स्थळ अजून इथेच आहे हो! आईबाप, मुलगा, ट्रंका, सगळं माझ्याच घरात. दोन दिवसांसाठी आले होते, तिसरा आठवडा चालू आहे. मुलगी पसंत आहे की नाही, यावर अवाक्षर नाही.

पहिल्यापासून सांगतो. आपण बजावलं होतंत की मुलाच्या आईला, तीजादेवींना, एकच धास्ती आहे. त्यांच्या नात्यात बिकानेरची एक सून आली ती पहिल्याच हिवाळ्यात माहेरी पळाली, तेव्हा उन्हातली पोर थंडीत टिकेल का, एवढंच त्या बघणार. मी म्हटलं, हात्तिच्या! आमच्या चुरूइतकी थंडी कुणाची आहे? (आणि गरमी तरी कुणाची आहे? रेडिओवर सगळ्यांत तापलेलं गाव म्हणून आमचं नाव घेतात, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांना हाका मारून ऐकवतो.) माझं तर दुकानच त्यावर चालतं. उन्हाळ्यात कूलर आणि वाळा, हिवाळ्यात रजया. तेव्हा पाहुणे घामाने निथळत दारात उतरले, पंख्याखाली बसले, आणि मी लगेच पौषातल्या थंडीचं वर्णन सुरू केलं. बादलीतल्या पाण्यावर कसा पापुद्रा धरतो, पहाटे पाण्यात हात घातला तर बोटं कशी आपली राहत नाहीत, आणि आमची मैना त्याच पाण्याने आंघोळ करून वर गाणं म्हणते. तीजादेवी म्हणाल्या, पोरीचं विणकाम बघू. मैनाच्या आईला काय बुद्धी झाली कोण जाणे, तिने पोरीला, पोरीनेच विणलेला पुऱ्या बाह्यांचा स्वेटर घालून, चहा द्यायला पाठवलं. ज्येष्ठात! पोरगी लाल, केस चिकटलेले, नाकावरून घाम थेट बशीत. तीजादेवींना वाटलं मुलगी लाजते आहे. म्हणाल्या, फार गुणाची आहे.

इथवर सगळं बरं होतं. घोटाळा झाला तो दुसऱ्या दिवशी. मुलाच्या वडिलांना, फुसराजजींना, भर बाजारात उन्हाची लू लागली आणि ते माझ्या दुकानापुढे बसकण मारून खालीच बसले. आम्ही त्यांना उचलून घरी आणलं, अंगावर ओली चादर टाकली, खिशात कांदा ठेवला, ताकात शिजवलेली बाजरीची गार राब पाजली आणि दुकानातला सगळ्यांत मोठा कूलर नवा वाळा लावून उशाशी आणला. मी मनात म्हणत होतो, आता शुद्धीवर आले की गाडीचं तिकीट मागतील आणि माझी मैना तशीच राहील. जीजाजी, गृहस्थ उठून बसले, खिशातला कांदा बाहेर काढला, वास घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मालचंदजी, हा बघा, पोत्यात ठेवलेला कांदा, आणि कोरडा! आमच्याकडे जोड्यांना बुरशी, पापडाला बुरशी, वडिलांच्या तसबिरीला बुरशी. जन्मात पहिल्यांदा माझा सदरा वाळला!"

तेव्हापासून त्या घराला वाळवणाचं वेड लागलं आहे. ट्रंका कशाने भरल्या आहेत ते मला तेव्हा कळलं. चपला, कोट, गाद्यांची कव्हरं, लग्नातला शालू, सगळं गच्चीवर. मग तीजादेवींनी मुगाच्या वड्या घातल्या, मग पापड लाटले, आणि आता रात्रीसुद्धा वड्यांना वारा लागावा म्हणून त्या काही उचलत नाहीत. आमची झोपायची गच्ची गेली. संध्याकाळी पाणी शिंपडायची सोय नाही, कारण पापड भिजतील. आम्ही खाली अंगणात भट्टीशेजारी निजल्यासारखे तळमळतो. परवा आंधी आली तेव्हा सारं गाव अंथरुणं घेऊन खाली पळालं, आणि फुसराजजी हात पसरून वर उभे! तोंडात वाळू, आणि म्हणतात, काय कोरडी हवा आहे!

आपण म्हणाल, मालचंद, मग जा म्हणत का नाहीस? अहो, कसं म्हणू? रोज सकाळी रिवाजाप्रमाणे मी हात जोडून म्हणतो, अजून चार दिवस राहावं. यावर पाहुण्याने नाही नाही म्हणायचं, मी त्याची पिशवी ओढून धरायची, त्याने ती सोडवून घ्यायची आणि निघायचं. हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. गंगटोकला तीन पिढ्या राहून या लोकांना राहावं म्हणणं समजतं, पुढचं नाही म्हणणं मात्र हे विसरले आहेत! मी आग्रह करतो आणि फुसराजजी म्हणतात, "बरं, तुमचं मन मोडवत नाही." रोज! आणि मला रोज आग्रह केल्यावाचून राहवत नाही, तोंडाला तशीच सवय आहे.

वर ते माझ्या दुकानात येऊन बसतात. गिऱ्हाईक कूलरला हात लावतं न लावतं तोच म्हणतात, कशाला घेता, एवढ्या सुंदर हवेत? काल एकाने पटून कूलर परत केला.

मुलगा, विमल, तेवढा माणसात आहे. अंगभर घामोळ्या घेऊन कूलरच्या तोंडाशी पडून असतो बिचारा. मैना त्याला राब नेऊन देते आणि बराच वेळ परत येत नाही. पोरीची मला काळजी वाटते हो. इतके दिवस घरात मुलाकडचे राहून गेले आणि नकार आला, तर पुढे तिला कोण विचारेल? माझी झोप उडाली आहे, आणि ती फक्त गच्ची गेल्यामुळे नाही. तेव्हा पाया पडतो, काहीही कळवा, त्यांच्या तिथल्या दुकानाचं छप्पर गळतंय म्हणा, पण यांना परत बोलवा आणि जाण्याआधी होकार देऊन जा असंही लिहा.

जीजीला आणि मुलांना आशीर्वाद-नमस्कार यथायोग्य.

आपला उन्हात वाळलेला मेहुणा,
मालचंद

ता. क. पाकीट चिकटवणार तोच फुसराजजी गच्चीवरून उतरले. होकार दिला, जीजाजी! गूळ वाटला. अट एकच, गंगटोकचं सगळं आवरून ते तिघेही इथेच घर घेऊन राहणार. लेक दोन गल्ल्या पलीकडे राहील म्हणून मी अक्षरशः रडलो.

ता. क. दुसरा. मैना म्हणते, लग्न करणार नाही. "बापूजी, मी हो म्हटलं होतं ते थंड गावाला. मेली चार हिवाळे स्वेटर विणतेय, ते काय चुरूत घालायला?" मला फार लागलं. माझ्या पोटची पोर, आणि चुरूला नावं ठेवते!

ता. क. तिसरा. पोरांनी आपसांत केव्हाच ठरवलेलं निघालं. विमललाही इथे राहायचं नाही. लग्न होईल, दोघं गंगटोकला जातील, तिथलं दुकान विमल बघेल. व्याही-विहीण मात्र इथेच. वेगळं घर कशाला, आमच्याकडेच राहा, असं माझ्याच तोंडून निघून गेलं. रिवाजच तो. ते म्हणाले, "बरं, तुमचं मन मोडवत नाही."

तेव्हा वर लिहिलं ते राहू द्या, त्यांना बोलवू नका. आपल्या स्वयंपाकघरामागे एक खोली आहे, भिंतींना ओल येते म्हणून रिकामी ठेवली आहे, असं जीजीने लिहिलं होतं. ती मला आणि मैनाच्या आईला मिळेल का? ओल चालेल. चुरूचं कुणी भेटलं तर एवढंच सांगा, की मालचंद लेकीच्या मायेने आला आहे. गरमीचं नाव काढू नका.