उलटे जेलीफिश आणि मी

प्रिय आई,

त्या सहलीत जेलीफिशने पाय पोळला तेव्हापासून तू समुद्राचं नावच टाकलंस, आणि तुझी धाकटी लेक नेमकी मत्स्यालयात जेलीफिश सांभाळायला लागली. ‘बिनडोक प्राण्यांची चाकरी’ असं तू मावशीला म्हणालीस, ते माझ्या कानावर आलंय. खोटं नाही ते. त्यांना मेंदू नाही, हृदय नाही, हाडं नाहीत, अंगात जवळजवळ सगळं पाणीच. तरी डायनोसोरांच्या कितीतरी आधीपासून मजेत आहेत. माझ्याकडचे चंद्र-जेलीफिश तर अगदी गरीब. त्यांना गोल टाकी लागते, नाहीतर कोपऱ्यात अडकून फाटतात. आणखी एक टिकलीएवढा प्रकार असतो, त्याला इजा झाली की तो पुन्हा लहान होतो आणि नव्याने वाढतो. बाबाही सर्दी झाली की तेच करतात म्हणा.

पण माझा जीव जडलाय तो उलट्या जेलीफिशवर. ते तळाला पाठ टेकून, हात वर करून पडून असतात. पहिल्याच दिवशी मला वाटलं, बिचारे उलथलेत. हातमोजे चढवून दुपारभर एकेकाला सुलटं करत बसले. चहा पिऊन येते तो सगळे पुन्हा उताणे. आमच्या मॅडम हसून हसून बेजार झाल्या. या जेलीफिशच्या हातांत म्हणे बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि यांनाही देतं. त्यामुळे हेच त्यांचं सरळ.

हल्ली मला शिडी चढायला बंदी आहे, बादल्याही दुसरेच उचलतात. मी खुर्ची टाकून पिल्लांना ड्रॉपरने भरवते. बाळंतपणाच्या वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या बाईने एव्हाना ओळखलं असेलच. मागच्या वेळेसारखं तुला आधी हसवून मग रडवायचं नव्हतं, म्हणून गप्प राहिले. आता दिवस भरत आलेत आणि मी फार खुशीत आहे.

फक्त बाळ उलटं बसलंय, डोकं वर करून. डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा मला आधी हसूच फुटलं. घरी आल्यावर मात्र भीती वाटली. किती पायाळू बाळं तुझ्या हातांवर आली, आई. आमचं वळेल किंवा नाही वळणार, पण त्याला आधी तूच हातात घ्यावंस. इथे तुझ्यासाठी ठेवलेल्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणून जाड पडदा शिवून घेतलाय. तू ये.

तुझंच,
शेंडेफळ