आपोआप सुकाणू

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं! बोटीला ऑटोपायलट बसवायचा. नको नको म्हणून मी थकले. ह्यांचं कालपासून एकच — "माझा हात आता भरवशाचा नाही." खरंच आहे ते. सकाळी चहाचा कप बशीत ठेवताना केवढा खडखडला. मी दुसरीकडे बघितलं. बंदरात मोठमोठी जहाजं ओढून आणणारे हात — आणि साधा कप ऐकत नाही!

पण नोकरी सुटल्यापासून हे पहिल्यांदाच कशात तरी जीव घालतायत. म्हणून मी हो म्हटलं.

५ फेब्रुवारी

बोटीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी दोन तऱ्हा दाखवल्या. एक यंत्र चाकावरच बसतं आणि पट्ट्यानं चाक फिरवतं. बसवायला सोपं, पण लाटा वाढल्या की दमतं. दुसऱ्याचा पंप सुकाणूच्या तेलाच्या नळीला जोडतात. चाकाला हात न लावता सुकाणू वळतं. मिस्त्री म्हणाले, "वजन रिकाम्या बोटीचं सांगू नका. भरलेली टाकी, माणसं, डबे, पाणी, सगळं धरा. कमी ताकदीचं घ्याल तर ऐन वाऱ्यात हात टेकेल."

पंपवालं घेतलं. ह्यांनी दहादा विचारलं, बटणं मोठी आहेत ना? अक्षरं मोठी आहेत ना? "हिला चष्म्याशिवाय दिसायला हवं." मी म्हटलं, "अहो, चालवणार तुम्ही, माझे डोळे कशाला?" तर नुसतं हसले.

मिस्त्री एक कमरेचा पट्टाही घ्या म्हणत होते. तो लावून पाण्यात पडलं तर इंजिन आपसूक बंद होतं. हे म्हणाले, "मी काय पोरगा आहे पडायला?"

११ फेब्रुवारी

यंत्र बसलं. पण बोट सरळ जाईना! डावीकडे कलायची, मग दचकल्यासारखी उजवीकडे. मिस्त्रींनी शोधून काढलं — यंत्राच्या होकायंत्राशेजारी रेडिओचा कर्णा होता. त्यातल्या चुंबकानं डोकं फिरवलेलं. होकायंत्र हलवलं, मग संथ पाण्यात बोट हळूहळू गोल गोल फिरवली, म्हणजे त्याला दिशा नीट कळतात. मला गरगरलं.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बाबा आता नुसते बसून राहणार?" हे बाजूनं ओरडले, "तू लग्न करेनास, म्हणून जावई विकत आणला! सांगितल्याशिवाय हलत नाही, आणि एकदा सांगितलं की थांबत नाही." किती दिवसांनी हसलो आम्ही!

१५ फेब्रुवारी

आता शिकवणी सुरू. 'ऑटो' दाबलं की समोरची दिशा धरून ठेवतं. 'स्टँडबाय' दाबलं की सुकाणू परत आपल्या हातात. एक बटण थोडं वळवतं, एक जास्त. सारखं डावं-उजवं करत वळवळायला लागलं तर त्याचा उतावीळपणा कमी करायचा, तीही सोय आहे.

हे म्हणाले, "एक लक्षात ठेव. ह्याला दिशा कळते. समोर काय आहे ते कळत नाही. डोळे तुझेच."

१६ फेब्रुवारी

आज मीच बोट बाहेर काढली, आणि मीच धक्क्याला लावली! हे हात बांधून मागे बसलेले. मी अडले, विचारलं, तर हे म्हणाले, "मी इथे नाहीच असं समज."

"असलं अभद्र बोलू नका," मी म्हटलं.

१९ फेब्रुवारी

ह्यांना झोप नाही. विचारलं की "काही नाही गं."

२२ फेब्रुवारी

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सकाळी निघालो. वारा नाही, पाणी काचेसारखं. खाडीच्या बाहेर आल्यावर यंत्राला दिशा दिली. मी आत जाऊन पाव कापत होते. काहीतरी बोलले ह्यांच्याशी — काय ते आठवत नाही — उत्तर नाही. वळून बघितलं. मागची जागा रिकामी.

आणि बोट चालतेय! सरळ. शांत. चाकसुद्धा हललं नव्हतं. त्या यंत्राला काही कळलंच नव्हतं.

मी ओरडले. मग स्टँडबाय दाबलं, वेग कमी केला, चाक पूर्ण फिरवलं. घरी परत कसं यायचं ते ह्यांनी शिकवलं होतं. माणूस पाण्यात पडला तर मागे कसं फिरायचं ते शिकवलं नव्हतं. पण पाण्यावर आमच्याच फेसाची रेघ उरलेली, फिकी होत चाललेली. तीच धरली. तिच्यावरून डोळा काढला नाही. रेघ संपली तिथे काहीच नाही. आणखी पुढे गेले — आणि डोकं दिसलं.

हे हात मारत नव्हते. जवळ जाताच इंजिन बंद केलं, दोरी बांधलेलं तरंगतं कडं फेकलं. अगदी खांद्याला लागलं. धरेनात! जन्मात ह्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. आज चढवला. "धरा! धरा म्हणते ना!" माझ्याकडे बघितलं. मग धरलं.

शिडीवरून कसं ओढलं, माहीत नाही. खांदा अजून ठणकतोय. रेडिओवर मदत मागितली, धक्क्यावर माणसं उभीच होती.

डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी गेलंय, पण वेळेवर आणलंत.

२३ फेब्रुवारी

लेक पोचली. बाबांचा हात सोडत नाही. "विकून टाक आई ती बोट!" मिस्त्री आले, सारखं म्हणत होते, "तो पट्टा मी जबरदस्तीनं द्यायला हवा होता." सगळे एकच म्हणतात, पाय घसरला. मीही तेच सांगते.

२४ फेब्रुवारी

ताप उतरला. पेज घेतली.

२५ फेब्रुवारी

दुपारी लेक घरी आंघोळीला गेलेली. खोलीत आम्ही दोघंच. हे छताकडे बघत म्हणाले, "मी पडलो नव्हतो."

मी दार लोटलं. खुर्ची पलंगाला लावली. "सांगा," म्हटलं. "सगळं सांगा. मी कुठे जात नाही."

नर्स दिवा लावायला आली तेव्हाही हे बोलत होते. मी तिला म्हटलं, डॉक्टरांना बोलवाल का? ह्यांनी नको म्हटलं नाही.