कंजीनिअल म्हणजे मीच

३ जून, सोमवार
ऑफिस नव्या इमारतीत जाणार. तिथे दोघादोघांच्या खोल्या. मॅनेजरबाईंनी नोटीस लावली: प्रत्येकाने आपल्याला ‘कंजीनिअल’ वाटणाऱ्या एका सहकाऱ्याचं नाव, कारणासकट, चिठ्ठीवर लिहून शुक्रवारपर्यंत पेटीत टाकावं. बोर्डासमोर सगळे त्या शब्दाकडे बघत उभे. शेवटी मलाच पुढे व्हावं लागलं. म्हटलं, कंजीनिअल म्हणजे जन्मजात. जन्मापासून अंगात असतं ते. टायपिस्टबाईंनी विचारलं, नक्की? म्हटलं, इंग्रजी माझ्या रक्तात आहे. त्या हसल्या. आदराने.

संध्याकाळी ७
मुलगी म्हणते, बाबा, तो कंजेनिटल. कंजीनिअल म्हणजे ज्याच्याशी आपले सूर जुळतात, ज्याच्या सहवासात बरं वाटतं. माणूस कंजीनिअल असतो, वातावरण असतं. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, नवरा असतो का? मायलेकी बराच वेळ हसत होत्या. घरातलं वातावरण कंजीनिअल आहे. (वाक्यात उपयोग पहिला.)
उद्या ऑफिसात चूक सांगावी का? नको. एकदा चुकलो म्हटलं की लोकांचा आधार जातो.

५ जून, बुधवार
विचार केला. ऑफिसात सर्वांत कंजीनिअल कोण? मीच. आम्ही एकूण पंधरा; बाकीचे चौदाच्या चौदा जण माझं नाव लिहिणार. तेरा जणांना नाही म्हणायचं, तेही न दुखावता. दोन-तीन वाक्यं पाठ केली.
सध्याच्या खोलीत बारा वर्षं माझ्यासोबत आवकजावक बसतो. पत्रांची आवक-जावक बघतो, आणि जन्मतः एक पाय आखूड, त्यामुळे चालही तशीच: आवक, जावक. नाव मीच ठेवलं. सगळ्या ऑफिसात चाललं. तोही हसतो. माझा चहा खालून तोच आणतो, दोन जिने. पायाला व्यायाम हवा, म्हणून मी आणू देतो. नव्या इमारतीत मात्र त्याला सोडावं लागणार. कसं सांगू?

७ जून, शुक्रवार
चिठ्ठी कोरी टाकली. एकाचं नाव लिहिलं असतं तर बाकीचे खट्टू झाले असते.

१० जून, सोमवार, दुपारी १
पंधरातल्या नऊ चिठ्ठ्यांवर आवकजावकचं नाव!
मॅनेजरबाई म्हणाल्या, नऊ जणांना हेच हवेत, तेव्हा खोलीत कुणाला घ्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या. त्याने शुक्रवारपर्यंत वेळ मागितला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, दोन.

दुपारी ४
उलगडा झाला! माझ्यामुळेच. मी सांगितलं जन्मजात, आणि जन्मजात काही असणारा माणूस ऑफिसात एकच. त्याच्या पायाला मतं पडली. हसून पोट दुखलं. बाथरूममध्ये जाऊन हसलो.

११ जून, मंगळवार
आवकजावक नवा शर्ट घालून आला. माझ्यासमोर आईला फोन. आई, नऊ जणांनी. नाही गं, खरंच. नऊ. पलीकडे म्हातारी रडत असावी, कारण हा सारखा अगं, अगं म्हणत होता. मग दिवसभर गुणगुणत होता. माझं कामात लक्ष लागेना.
संकल्प: सत्य सांगणे. माणसाला भ्रमात ठेवणं पाप आहे.

१२ जून, बुधवार
सांगितलं. तो चहा घेऊन आला होता, कप टेबलावर ठेवू दिला, मग सांगितलं. म्हटलं, गड्या, त्या शब्दाचा अर्थ मी चुकून जन्मजात सांगितला होता. तुझं नाव आलं ते पायामुळे. वाईट वाटून घेऊ नकोस.
तो म्हणाला, सगळ्यांनीच?
म्हटलं, सगळ्यांनीच.
रजिस्टर उघडं होतं, त्यावर त्याने हात फिरवला. म्हणाला, बरं झालं दादा, सांगितलंत. आईला आता काय सांगू?
मी कप उचलला. दर वेळी मीच का उत्तर द्यायचं? चहा गार झाला होता.
मन हलकं झालं. खऱ्या मित्राचं कर्तव्य.

१३ जून, गुरुवार
गोंधळ. आवकजावक रजेवर. टायपिस्टबाई थेट टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, काय सांगितलंत त्यांना? फोनवर धड बोलवेना त्यांच्याच्याने. मी आपला तो शब्दाचा घोटाळा समजावला. त्या म्हणाल्या, अहो, तुम्ही अर्थ सांगितलात त्याच मिनिटाला आम्ही फोनमध्ये बघितला. तुम्ही काहीही सांगितलं की आम्ही बघतोच. नऊ जणांनी त्यांचं नाव अर्थ कळूनच लिहिलं. हे मी त्यांना काल रात्रीच सांगितलं.
म्हणजे मतं पायाला नव्हती.
त्या जाताना दार आपटून गेल्या. दाराची बिजागरी आधीपासूनच सैल आहे.
उरलेल्या सहा चिठ्ठ्यांचं काय? एक माझी कोरी. पाच राहतात. पाच म्हणजे कमी नाहीत.

१४ जून, शुक्रवार
मॅनेजरबाईंना विचारायला गेलो. आधी हवापाण्याचं बोललो. मग सहज विचारलं, माझं नाव किती चिठ्ठ्यांवर?
म्हणाल्या, एका.
म्हटलं, कुणाच्या?
बाईंनी चिठ्ठी वाचून दाखवली. अक्षर लांबूनच ओळखलं, बारा वर्षं समोर बघतोय. ‘दादांसोबत बारा वर्षांची सवय आहे. तोंडाने फटकळ आहेत, पण मनाने चांगले आहेत.’
म्हटलं, मग झालंच की. त्याला निवडीचा हक्क आहे, आणि त्याने मला निवडलंय. उशीर केला एवढंच, बिचारा लाजाळू आहे.
बाई म्हणाल्या, ते आज सकाळी येऊन गेले. टायपिस्टबाईंसोबत बसणार आहेत. चिठ्ठी मागे घेतली नाही त्यांनी. फक्त पेन मागितलं.
आणि चिठ्ठी माझ्याकडे फिरवली. शेवटचे चार शब्द खोडलेले होते. पट्टी लावून, एकच रेघ. त्याचं काम नेहमी नीटनेटकं.

१७ जून, सोमवार
नवी इमारत. मला एकट्याची खोली. दोन टेबलं, दोन खुर्च्या. दार दिवसभर उघडं ठेवलं. चार वाजता उठून लावून घेतलं.