जमिनीतलं लोखंड हुडकणारं यंत्र

सांगवी,
कार्तिक वद्य द्वितीया

श्री. मोहनराव दाजींस, सांगवीहून रामहरीचा दंडवत. इकडं आई, द्वारका, महिपती आणि जनावरं धडधाकट आहेत (तांबड्या बैलाचा एक खूर सोडून). निमगावला सिंधुआक्काचा खोकला बसला का, ते कळवावं.

तुमचं कार्ड पोचलं. महिपतीनं आणलंय तसलं यंत्र घेऊन तुमच्या पडक्या विहिरीजवळचं धन हुडकावं का, असं तुम्ही विचारता. धाकट्या भावाला मी पाण्याच्या इंजिनाचा पट्टा आणायला पुण्याला धाडलं होतं. तो पट्ट्याशिवाय परतला आणि खांद्यावर हे: लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटाएवढी तबकडी, पाठीवर बांधायची पेटी आणि कानाला लावायच्या दोन वाट्या. लढाईनंतर लष्करानं विकायला काढलेला माल. किंमत एका चांगल्या खोंडाची. (खोंड निदान मोठा तरी होतो, असं द्वारका म्हणाली.) जमिनीत लोखंड किंवा कुठलाही धातू असला की ते कानात गुणगुणतं.

गावानं ठरवलं की महिपती धन काढतोय. तानूबाईनं यंत्रापुढं नारळ फोडला. शेजारचा सोनबा कुदळ घेऊन मागं लागला आणि गुणगुणलं की खणू लागला. निघालं काय, तर बैलांचे नाल, फाळाचं टोक, एक विळा. एकदा तर गुणगुणणं थांबेचना. सगळं रान सोन्यानं भरलंय म्हणून सोनबाला घाम फुटला. शेवटी कळलं, तो तबकडीला चिकटून चालत होता आणि त्याच्या कनवटीला अडकित्ता होता. धन म्हणावं असं एकच निघालं, द्वारकेचं चांदीचं जोडवं. लग्नाच्या वर्षी हरवलेलं ते आक्कानं नेलं, असा तिचा आजवर समज होता. तो आता गेला, हे आक्काला जरा बेतानं सांगा.

उत्तर इथंच संपलं असतं. पण महिपती लढाईवरून आल्यापासून रानात उतरत नाही, हे तुम्ही पाहिलंय. बांधावरून चालतो, गाडीच्या चाकोरीतून चालतो, इंजिन चालवतो, बाजार करतो. मोकळ्या रानात पाय टाकत नाही. लोक आळशी म्हणतात, मीही म्हणालोय. इटलीत असलंच यंत्र घेऊन पुरलेले सुरुंग हुडकायचे, हे त्याचं काम होतं. पळसदेवचा भीमा त्याच्या मागून चालायचा. एके दिवशी भीमाचं पाऊल आखून दिलेल्या पांढऱ्या पट्टीबाहेर पडलं. एवढंच महिपतीनं सांगितलं, तेही यंत्र आणल्यावर.

बाजरी निघाल्यावर तो विहिरीमागचं रान पट्ट्यापट्ट्यानं तपासू लागला. तपासलं तेवढ्यातच चालायचा. निम्मं रान झालं आणि पेटीतल्या बॅटरीचा मसाला संपला. तसला मसाला बारामतीत मिळेना. तो तपासलेल्या कडेला नुसता उभा राहायचा. एका दुपारी आई भाकरीची पाटी घेऊन आली. तिला सगळं ठाऊक होतं. ती त्याला ओलांडून पलीकडच्या रानात चालू लागली, अनवाणी.

"आये, थांब."

"का? माजंच रान हाय. जलम गेला हितं खुरपण्यात."

"थांब म्हन्तो न्हवं."

ती थांबली नाही. तेव्हा तो धावला, तिला गाठलं, तिच्या पुढं झाला आणि म्हणाला, "मंग माझ्या मागनं ये." तसेच दोघं पलीकडच्या बांधापर्यंत गेले. मी इंजिनापाशी होतो. मी इंजिन बंद केलं. का, ते सांगता येत नाही.

तेव्हा दाजी, धनासाठी म्हणाल तर असलं यंत्र घेऊ नका. आमचं महाग पडलं का, हा विषय द्वारकाही आता काढत नाही.

वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो; लेकरांच्या पाठीवरून माझ्या वतीनं हात फिरवा.

तुमचा,
रामहरी

ता. क. आमचं यंत्रही मागू नका. तबकडी आईनं हुलग्याच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली आहे, नेमकी बसते. दांड्यावर धुणं वाळतं.

आणखी ता. क. पत्र खरं यासाठी. तुमच्या धाकट्या बहिणीला, विजयमालाला, मी महिपतीसाठी मागणी घातली तेव्हा तुम्ही म्हणालात, "जो रानात पाय ठेवत न्हाय, त्याला पोर कशी देऊ?" बरोबरच बोललात. आता गुरुवारी बारामतीच्या बाजाराला याल तेव्हा पुढं सांगवीला या. घरी न येता थेट मळ्याकडं या. महिपती मधोमध गव्हाला पाणी देत असेल. बांधावरून एक हाक मारा आणि तो कसा येतो ते बघा. गहू तुडवत आला तरी मी काही बोलणार नाही.