बासष्टावा फॉर्म

६ जानेवारी

"मॅडम, हे नेटवर्क आहे की कोळिष्टक?" — इति गाईड सर. वयाने माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण गाईड! मुकाट्याने ऐकून घेतलं. कोळिष्टकच होतं ते.

चाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून व्यवस्थापनात पीएचडी. त्यातही सोशल नेटवर्क अॅनॅलिसिस. हौस! एक पंपांचा कारखाना, बासष्ट माणसं, प्रत्येकाचा एक ठिपका. सगळ्यांना प्रश्न एकच — काम अडलं की तुम्ही कोणाकडे जाता? ज्याचं नाव येईल त्याच्याकडे बाण. ज्याच्याकडे बाण जास्त, त्याचा ठिपका मोठा. इतकं सोपं. मला समजायला दीड महिना आणि तीन सॉफ्टवेअर लागली.

९ जानेवारी

फॉर्म वाटले. शेवटी स्टोअरच्या खिडकीशी गेले. आत पंचावन्नच्या आसपासच्या बाई, चष्मा दोरीला. "ठेवा तिथे, बघते." तेवढ्यात एक जण आला. त्याने तोंड उघडायच्या आत बाईंनी वायसर पुढे केला. "चार नंबरचा पंप ना? मग हाच. आणि कालचा पाना आण परत!" मी वीस मिनिटं उभी होते, सात माणसं येऊन गेली. वहीत काय टिपलं? तर खिडकीचा रंग हिरवा! धन्य ती संशोधक!

१६ जानेवारी

एकसष्ट फॉर्म आले. राहिला एकच — स्टोअरच्या बाईंचा. दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा "बघते". सर म्हणाले, एकसष्टांवर भागवा, एकाने काय आभाळ कोसळतंय!

२१ जानेवारी

चित्र झालं!! सगळ्यात मोठा ठिपका मॅनेजरसाहेबांचा. अकरा बाण.

पण खरी गंमत वेगळीच. काम अडलं की नऊ जण आक्काला विचारतात, आठ जण मावशीला, सात ताईला, चार काकूला! म्हणजे अठ्ठावीस माणसं कारखान्यातलं काम घरी जाऊन नातेवाइकांना विचारतात! सरांचे डोळेच चमकले. "कामातल्या अडचणी आणि कुटुंबाचा आधार — मॅडम, यावर वेगळा पेपर होईल!" दोघंही हरभऱ्याच्या झाडावर.

सहा जणांनी 'खिडकी' असं लिहिलंय. टवाळ कुठले! ते बाद केले.

२३ जानेवारी

साहेबांना चित्र दाखवलं. नावं नाहीत, नुसते आकडे, पण त्यांचा ठिपका कुठला ते मीच सांगितलं. राहवतंय कुठे! साहेब खूश. लगेच प्रत काढून खुर्चीमागच्या भिंतीवर लावली.

मग म्हणाले, "स्टोअरच्या बाई कुठायत यात?"

एकेकाचं वेगळं दाखवायचं नाही, असं सगळ्यांना शब्द देऊन फॉर्म भरून घेतले होते. तरी बोट ठेवलं. हजेरीपटावरच्या त्यांच्या नावाचा आकडा कोपऱ्यात, एकटा ठिपका, एकही बाण नाही.

"वाटलंच मला," साहेब म्हणाले. "म्हणजे खिडकी बंद करायला हरकत नाही. एक तारखेपासून मागणी संगणकावर. बाईंना लवकर निवृत्ती."

आणि मी काय म्हणाले? "हो, आकडे तरी तसंच सांगतायत."

२४ जानेवारी

एका बाईची नोकरी गेली, आणि मी नुसतं बोट ठेवलं होतं.

२७ जानेवारी

दुपारी आई माझे फॉर्म चाळत बसली होती. नको म्हटलं तरी ऐकते थोडीच! एकदम म्हणाली, "का गं, ऑइल सीलचं कोण मावशीला विचारतं?"

"कुठेय ऑइल सील?"

"हे काय, शेजारच्या रकान्यात." 'कशासाठी?' हा रकाना मीच ठेवला होता, पण सॉफ्टवेअरला लागत नाही म्हणून भरलाच नव्हता. मावशी — ऑइल सील. आक्का — चार नंबरचा पाना. ताई — बेअरिंग. काकू — बेअरिंग. खिडकी — बेअरिंग, आणि पुढे कंसात 'रागावतात, पण देतात'.

आई म्हणाली, "मला शेजारचे काकू म्हणतात, तुझी भाची आजी म्हणते, मामेबहिणी आत्या म्हणतात. म्हणजे मी तुझ्या चित्रात किती जणी?"

मी डोक्याला हात लावून बसले. आईने चहा ठेवला. हसत होती. हसू दे.

२८ जानेवारी

कारखान्यात फिरून एकेकाला विचारून आले. तुमची मावशी कोण? तुमची आक्का कोण? सगळे माझ्याकडे वेड्यासारखं बघायला लागले. "म्हणजे काय! आपल्या स्टोअरच्या!" हजेरीपटावरचं त्यांचं नाव तिघांना तर माहीतही नव्हतं.

घरी येऊन आक्का, मावशी, ताई, काकू आणि बाद केलेली खिडकी, सगळं बाईंच्या ठिपक्यात मिळवलं. चौतीस बाण! कोपऱ्यातला ठिपका उठून मधोमध येऊन बसला, आणि साहेबांचा आपोआप बाजूला सरकला. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी तर कळशाशी वीस मिनिटं उभी राहून त्याचा रंग लिहून आले होते.

सरांना फोन केला. त्यांनी आकडे दोनदा वदवून घेतले. मग म्हणाले, "तो कुटुंबाचा पेपर... मी विभागप्रमुखांना सांगून बसलोय हो."

३० जानेवारी

जायच्या आधी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं — साहेब, माझी चूक झाली. तिथे गेल्यावर आरशातलं एक वाक्य आठवेना. पण सांगितलं. सगळं.

साहेबांनी नवं चित्र बराच वेळ पाहिलं. "मग मी कुठाय?"

"दुसरे."

"बरेच दुसरे दिसतोय." मग स्वतःशीच हसले. माणूस तसा वाईट नाही. भिंतीवरची प्रत स्वतःच्या हाताने काढली. निवृत्तीचा कागद माझ्यासमोर फाडला. "आता त्यांना हलूच द्यायचं नाही! रिटायर व्हायच्या वयापर्यंत नाही. त्याच्याही पुढे गळ घालू."

मी जवळजवळ धावतच खिडकीशी गेले. बाई गुणगुणत होत्या. जाताना गाणं कसलं? दुःख गिळत असणार बिचाऱ्या. पायाशी खोकं — छत्री, चपलांचा जोड, पितळी डबा, सगळं सुतळीने नीट बांधलेलं. बघून गलबललंच मला. म्हटलं, "खोकं सोडा! खिडकी बंद होत नाही. तुम्ही कुठ्ठे जात नाही!"

गुणगुणणं थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "हो का," एवढंच म्हणाल्या.

आनंदाने शब्दच फुटेनात त्यांना. मलाही घरी येईपर्यंत भरून येत होतं. आपल्या हातून एक तरी काम धड झालं!

५ फेब्रुवारी

सरांना प्रबंधाचं नवं प्रकरण पसंत! "मॅडम, आता कोळिष्टक नाही म्हणणार." कुटुंबाच्या पेपराचा विषय दोघंही काढत नाही. फक्त पेन्सिल टेकवून म्हणाले, "एवढा मोठा ठिपका, आणि त्यातून एकही बाण बाहेर जात नाही? परीक्षक धरतील. तो एक फॉर्म आणाच."

८ फेब्रुवारी

खिडकीशी फॉर्म ठेवून आले, वर चिठ्ठी — सवडीने भरा. बाई म्हणाल्या, "बघते." खोकं अजून तिथेच, सुतळीसकट.

१२ फेब्रुवारी

बासष्टावा फॉर्म आला. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही.

काम अडलं की तुम्ही कोणाकडे जाता? — कोणाकडे नाही. सगळे इकडेच येतात.

कशासाठी? — रेघ.

आणखी काही सांगायचे असल्यास — एक तारखेला धाकट्या बहिणीकडे कायमचं राहायला जाणार होते. ती एकटी असते. साहेब कधी सोडतील म्हणून तीन वर्षं वाट पाहत होते. आता म्हणतात, तुमच्याशिवाय चालणार नाही. मला कोणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते.