जळीत वॉर्डातला द्राक्षांचा वास

१९ फेब्रुवारी १९९६, सोमवार

पुन्हा द्राक्षं! जळीत वॉर्डात पाऊल टाकलं की गोडसर वास. नातेवाइकांना शंभरदा बजावलं – फळं आत आणायची नाहीत, माश्या येतात. आज सगळे लॉकर उघडायला लावले. एक मणी सापडला नाही.

चार नंबरच्या सुवर्णाची आई लताबाई वणीची. म्हणाली, "गडावरच्या देवीची आन, सिस्टर, घड काय, देठबी नाय आणला." मग वास काय हवेतून येतो?

सुवर्णा अठरा वर्षांची. स्टोव्ह भडकला. दोन्ही हात, छाती, गळा. भाजलेलं भरत आलं होतं, आता पुन्हा चिघळतंय. पट्टी सोडली तर हिरवट डाग. तीन नंबरचीही अशीच हिरवी झाली होती. ती शनिवारी गेली.

२१ फेब्रुवारी

संसर्ग कुणाच्या हातून पसरतोय ते कळलं असं वाटतं.

दारातल्या भांड्यात जंतुनाशक लोशन असतं. आत येणाऱ्याने हात बुडवायचे, मगच पेशंटला हात लावायचा. माझा नियम, सहा वर्षांपासूनचा. मोठे डॉक्टरसुद्धा मुकाट्याने बुडवतात. भांड्यात ओतायच्या लोशनची बरणी मी स्वतः भरते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तळाशी थोडं उरलं की त्यावर नवं ओतते. औषध आहे, फेकायचं कशाला?

आणि आज पाहते तर मैना, आमची सफाईवाली मावशी, भांड्याला वळसा घालून सरळ नळावर! साबण लावून कोपरापर्यंत हात चोळत बसली.

"भांडं दिसत नाही?"

"दिसतं की. पर साचल्या पाण्यात आम्ही मेथीबी धुत नाय, सिस्टर. पाटाच्या वाहत्या पाण्यात धुतो. डबक्यात धुतली का जुडी सकाळपातुर सडती."

"ही मेथी नाही. हे हॉस्पिटल आहे."

"मंग तर लयच जपाया पायजे."

बाकीच्या नर्सेस तोंड फिरवून हसल्या. मेमो लिहिला – सोमवारपर्यंत नियम पाळला नाही तर वॉर्डातून बाहेर. वाचून दाखवला. "काढा," म्हणाली. "पर त्यात हात नाय घालायची."

मला, कॉलेजात सूक्ष्मजंतू शिकलेल्या बाईला, ही शिकवते!

२२ फेब्रुवारी

सुवर्णाला १०४ ताप. लताबाई माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी चार्टकडे.

२३ फेब्रुवारी

लॅबमधल्या दीपमाला पगारेला बोलावलं. सुवर्णाच्या जखमेचा नमुना तिने परवाच नेला होता. आज नळाचा, फरशीच्या फडक्याचा घेतला. मैनाच्या हातांचा तर माझ्यासमोर घ्यायला लावला. मैनाने दोन्ही पंजे पुढे केले, प्रसाद घ्यायला करावेत तसे.

दीपमालाने दारातल्या भांड्यातलं आणि बरणीतलंही थोडं घेतलं. "ते कशाला?" "असू द्या, सिस्टर. सगळंच बघू." वेळ वाया!

२४ फेब्रुवारी

दीपमालाने लॅबमध्ये नेऊन सुवर्णाच्या जखमेतले जंतू वाढवलेली काचेची बशी दाखवली. निळसर हिरवा रंग, वर मोरपिसासारखी चमक. तीन दिवसांपूर्वी तिथे काहीच नव्हतं. डोळ्यांना न दिसणारा जीव तीन दिवसांत एवढं राज्य उभं करतो! ना घाई, ना गोंगाट. तीस वर्षं मी यांच्याशी लढते म्हणते. पाहिलं आज. सुंदर होतं – लिहायला लाज वाटते, पण होतं.

"लांबूनच वास घ्या," म्हणत तिने झाकण किंचित उचललं.

द्राक्षं!

लॉकर धुंडाळत होते मी. वास त्या पोरीच्या अंगातून येत होता.

कुठल्या औषधाला हा जंतू दबेल तेही तिने काढलंय. डॉक्टरांनी इंजेक्शन लगेच बदललं. बाकीच्या बशा सोमवारी.

२५ फेब्रुवारी

ताप १०२. लताबाईने विचारलं, "उतरंल ना?" पहिल्यांदाच मी तिच्या शेजारी बसले.

२६ फेब्रुवारी, सोमवार

सुवर्णाचा ताप शंभरवर. पेज मागितली.

बशा आल्या. मैनाचे हात – स्वच्छ. नळ – स्वच्छ. दारातलं भांडं – हिरवं. बरणी – हिरवीगार.

तळाच्या जुन्या लोशनला सरावलेले जंतू, वर नवं लोशन. सहा वर्षं मी विरजण लावत होते.

तीन नंबरचं नाव रजिस्टरात शोधलं. गंगूबाई. घोटीची.

मेमो फाडला. नळावर मैनाच्या मागे उभी राहिले.

"कोपरापातुर, सिस्टर," ती म्हणाली.

धुतले.