आयोवा, नेवाडा आणि बाबा

२४ जानेवारी

चि. चिऊ,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वेगळे लिहायला नकोत. तुझा घसा कसा आहे? बर्फात दारोदार फिरायचं आणि अनोळखी माणसांना मत द्या म्हणायचं, मग घसा बसणार नाही तर काय होईल? गरम पाणी पीत जा. कानटोपी घालतेस ना?

फोनवर तू घाईत असतेस आणि मीही काहीबाही बोलून ठेवून देते. म्हणून म्हटलं, निवांत हाताने लिहावं आणि फोटो काढून पाठवावा. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

सलून सध्या काकाच बघतो. बाबा घरी असतात. सगळा जन्म उभ्याने कात्री चालवली, जरा बसू दे म्हटलं.

सलूनमधली गंमत सांगते. तू त्या उमेदवार बाईंच्या प्रचाराला लागलीस तेव्हापासून तिथे तुमच्या निवडणुकीशिवाय दुसरा विषय नाही. आधी कुणाला काही उमगेना. एकाच पक्षाची माणसं एकमेकांवर एवढं तोंडसुख कशी घेतात? ट्रकवाला म्हणाला, "म्हणजे खरी निवडणूक अजून पुढेच आहे? ही नुसती तिकिटाची मारामारी?" काका त्याच्या गालाला फेस लावत होता. म्हणाला, "आपल्याकडे तिकीट वरून येतं. तिकडे ते खालून मिळवावं लागतं, एकेका राज्यात जाऊन." ट्रकवाला विचारात पडला. मग म्हणाला, "डिझेल किती जात असेल!"

प्रत्येकाचं असंच. औषधवाल्यांच्या मुलाचा व्हिसा अडकलाय, तेव्हा त्यांना त्या उंच उमेदवाराशी देणंघेणं नाही की तुझ्या बाईंशी. व्हिसाबद्दल कोण काय बोललं, तेवढंच ते ऐकतात, बाकी वेळ पेपर वाचतात. रिटायर्ड पोस्टमास्तरांना तो चष्मेवाला उमेदवार आवडायचा, पण परवा त्यांच्या लक्षात आलं की तो हुबेहूब त्यांच्या जावयासारखा हसतो. तेव्हापासून त्यांचा विश्वास उडाला होता. आता पुन्हा बसलाय म्हणे, कारण जावयाला बढती मिळाली. अमेरिकेचा अध्यक्ष ठरवायला आपल्या गल्लीत अशी ही थोर मंडळी बसली आहेत. त्यांना मत नाही, हे तुमच्या देशाचं नशीब.

आणि बाबा. तू विचारलंस म्हणून लिहिते. बरे आहेत. दिवसभर टीव्हीसमोर असतात, तुमच्याच बातम्या लावतात. तुमच्या राज्यांची नावं म्हणत बसतात. आयोवा, आयोवा.

फोनवर येत नाहीत, ते मनाला लावून घेऊ नकोस. विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडून तू प्रचाराला निघालीस, तेव्हा ते बोलून गेले, "लोकांच्या घरच्या भांडणात तू कशाला पडतेस?" आणि तू म्हणालीस, "ते आता माझं घर आहे, बाबा." दोघंही आपापल्या जागी बरोबर होता. मी तेव्हा ओट्याजवळ उभी होते. फोन ठेवल्यावर ते कितीतरी वेळ हातातल्या फोनकडे बघत होते. रागाने नव्हे, एवढंच तुला सांगते.

तुझी,
आई


१६ फेब्रुवारी

चि. चिऊ,

बाई आयोवात तिसऱ्या आणि मग न्यू हॅम्पशरमध्ये दुसऱ्या! काकाने त्या दिवशी प्रत्येक दाढीवर फुकट डोकं चोळून दिलं. त्याला वाटतं, पुढच्या राज्यात पहिल्याच. तुझा आवाज फोनवर इतका खुलला होता की मला तुझ्या शाळेच्या बक्षिसांची आठवण झाली.

व्हिडिओ कॉलचं म्हणालीस. अगं, आमच्या फोनचा कॅमेरा धड चालत नाही. अंधुक दिसतं सगळं. (मग पत्राचा फोटो कसा येतो, असं विचारशील. तो काकाच्या फोनवरून.)

आयोवाच्या दिवशीचं तुला सांगायचंच राहिलं. तुझ्याकडे संध्याकाळ होती तेव्हा आमच्याकडे सकाळ. सलूनला सुट्टी, म्हणून सगळी मंडळी आपल्याच घरी जमली होती. हल्ली सुट्टीच्या दिवशी ती इथेच येतात. पोस्टमास्तरांनी वाचून आणलं होतं की त्या राज्यात पेटीत चिठ्ठी टाकत नाहीत. शाळेच्या हॉलमध्ये जमायचं आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात चारचौघांसमोर जाऊन उभं राहायचं. ट्रकवाल्याला हे फार पटलं. "लपवाछपवी नाही. चला, करून बघू." खिडकी चष्मेवाल्याची ठरली, दार उंच उमेदवाराचं आणि कपाटाचा कोपरा तुझ्या बाईंचा. पोस्टमास्तर खिडकीशी गेले. औषधवाले म्हणाले, मी कुंपणावरच बरा, आणि सोफ्यावरून हलले नाहीत. काका आणि ट्रकवाला कपाटाशी.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. त्यांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं, लोकांच्या घरचं भांडण. आम्हाला वाटलं, बसून हसतील.

तर ते उठले गं. खुर्चीचा हात धरून स्वतः उठले आणि कपाटाकडे निघाले. मी धरायला धावले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. खोली ती केवढी, पण सगळे श्वास रोखून बघत होते. जाऊन कपाटाला पाठ लावून उभे राहिले, तुझ्या बाईंच्या कोपऱ्यात. ट्रकवाल्याने टाळ्या वाजवल्या. काका तोंड धुवायला आत गेला.

मी धावले, कारण खाली चटई होती. पाय अडकला असता.

न्यू हॅम्पशर मात्र त्यांना काही केल्या जमत नाही. अर्ध्यावर अडकतात आणि चिडतात. मास्तरीण म्हणते, सोडून द्या, नेवाडा घ्या, ते सोपं आहे. मास्तरीण म्हणजे एक मुलगी येते शिकवायला. या वयात बाबा इंग्रजी शिकताहेत असं समज.

बाबांच्या शर्टाची बटणं लावायची आहेत, काका न्यायला आलाय. पुढचं नंतर लिहीन.

तुझी,
आई


९ मार्च

चिऊ, माझ्या बाळा,

तुझा निरोप वाचला. परत परत वाचला. "बाई हरल्या. बाबांना सांग, त्यांचंच खरं झालं. आता तरी बोलतील माझ्याशी?"

खुर्ची ओढून बस आणि मग पुढचं वाच. आधी हे ऐक की बाबा आत्ता या क्षणी माझ्यासमोर बसलेत, चहा पिताहेत, आणि धोका टळून बरेच दिवस झालेत. हे मनात पक्कं धर.

बाबा तुझ्यावर रुसलेले नाहीत. त्यांना बोलता येत नव्हतं.

नोव्हेंबरात, सकाळी, सलूनमध्येच झालं. गिऱ्हाइकाचे अर्धे केस कापून झाले होते आणि हातातली कात्री गळून पडली. काका म्हणतो, ती उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. काहीतरी सांगत होते, पण शब्दाऐवजी नुसता आवाज येत होता. अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. चिऊ, ज्या माणसाचं तोंड कात्रीपेक्षा जास्त चालायचं, त्याची वाचा गेली.

इस्पितळात मी पहिलं काय केलं असेल तर तुझा नंबर लावला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की मला वाटलं पुन्हा काही होतंय. मान हलवत होते. नाही, नाही. मी फोन ठेवला तेव्हा सोडलं. तू नुकतीच त्या कामाला लागली होतीस. तुला कळलं असतं तर हातातलं टाकून पहिल्या विमानाने आली असतीस, हे त्यांना माझ्याआधी समजलं. मला पटलं होतं असं नाही. रोज वाटायचं, आज सांगते. मग तू फोनवर सांगायचीस की आज एका म्हातारीने दार उघडून तुला आत बसवलं, तुझं ऐकून घेतलं, आणि माझी जीभ उचलायची नाही. ही सगळी पत्रं मी का लिहिली? फोनवर माझा आवाज फुटला असता म्हणून.

मास्तरीण म्हणजे बोलणं शिकवणारी मुलगी. चित्रांचे पत्ते घेऊन यायची. कप, घर, मांजर. बाबांनी ते पत्ते भिरकावून दिले. मांजर काय म्हणायला लावता मला, असा चेहरा. आठवडे गेले, एक अक्षर नाही. मग एका सकाळी टीव्हीवर तुमच्या बातम्या चालू होत्या आणि निवेदक म्हणाला, आयोवा. मागून आवाज आला, "आयोवा." मला वाटलं टीव्हीच. वळून बघितलं तर बाबा. "आयोवा." स्वच्छ. दूध उतू गेलं, गॅस विझला, मी तिथेच उभी.

मास्तरीण म्हणाली, ओठ न मिटता म्हणता येतं, म्हणून निघालं असेल. मला तिचं शास्त्र कळत नाही. मला एवढं कळतं की तू तेव्हा आयोवात होतीस.

त्या दिवसापासून पत्ते बंद. तुम्ही ज्या राज्यात जाल ते बाबांनी म्हणायचं. तुमचा प्रचार पुढे सरकेल तसा त्यांचा धडा पुढे. मंडळी सुट्टीला येतात ती याचसाठी. पोस्टमास्तर निकाल मोठ्याने वाचत नाहीत, मुद्दाम, म्हणजे बाबांना वाचावे लागतात. औषधवाल्यांनी व्हिसाचं नावसुद्धा काढलं नाही परवा. जग तुमच्या निवडणुकीकडे कशाकशासाठी बघत असेल कोण जाणे. आम्ही बघत होतो ते एवढ्यासाठी.

एकाच दिवशी पुष्कळ राज्यांत मतदान होतं, त्या मोठ्या मंगळवारचे निकाल आमच्याकडे बुधवारी सकाळी आले. बाई एकामागून एक राज्यं हरत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली ते भाषण सगळ्यांनी मिळून बघितलं. घरात कुणी गेल्यासारखी मंडळी भिंतीला टेकून बसली होती. पोस्टमास्तर म्हणाले, "चष्मेवाला पुढे निघणार हे मी आधीच..." बाबांनी बघितलं, तसे गप्प झाले. बाबा जेवले नाहीत.

त्या दुपारी मी विचारलं, "आता तरी सांगू का तिला?" त्यांनी डोळे मिटले. मग होकारार्थी मान. मी विचारलं, "आणि इतके दिवस का नाही?" फार वेळ लागला. ओठ जुळवत होते, घाम आला होता. म्हणाले, "काम. तिचं."

म्हणजे बघ, तू म्हणालीस त्यांचंच खरं झालं. त्यांचं खरं काय होतं, ते हे होतं.

रविवारी सकाळी आमच्या दहाला फोन कर. ते स्वतः बोलणार आहेत. दोन शब्द आहेत, "जेवलीस का", आणि त्यांची तयारी रोज चालू आहे. फोन उचलल्यावर बराच वेळ काही ऐकू येणार नाही. घाबरू नकोस, आणि रडू आलं तरी आवाज करू नकोस. मुख्य म्हणजे त्यांच्या तोंडचा शब्द तू पुरवू नकोस. मास्तरिणीने बजावलंय, अर्धा शब्द आपण पूर्ण केला की ते पुन्हा गप्प होतात. नुसती थांब. लाईनवर आहेस एवढं त्यांना कळू दे.

माझ्यावर रागावली असशील तर रविवारनंतर रागाव. तो तुझा हक्क आहे.

आई


१८ मार्च

चिऊ,

तू थांबलीस. मला भीती होती की तू मधेच "बाबा, बाबा" करशील. पण तू थांबलीस, आणि तुझा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी आणि काका दाराआड उभे होतो, चोरासारखे.

"जेव" पर्यंत आले आणि अडकले. मी माझ्या तोंडावर हात ठेवला होता. मग आलं, "जेवलीस का." तू म्हणालीस, "नाही, बाबा."

आणि ते खेकसले, "का?"

चिऊ, तो "का" त्यांना कुणी शिकवला नव्हता. तयारी नाही, घाम नाही, ओठ जुळवणं नाही. आपले जुने बाबाच, तू शाळेतून उशिरा आलीस की दारात उभे राहून विचारायचे तसे. काकाने माझा खांदा इतका जोरात दाबला की अजून दुखतोय. मास्तरिणीला सांगितलं तर ती म्हणाली, आता गाडी उताराला लागली, आपोआप येतील शब्द. काल शेजारणीला "बस" म्हणाले. तिने घाबरून पिशवीच खाली ठेवली.

तू लगेच निघते म्हणालीस. ये. पण धावत येऊ नकोस. तिथलं ऑफिस आवरायचंय म्हणालीस, ज्यांच्या घरी राहिलीस त्यांचे आभार मानायचेत, ते सगळं नीट कर आणि मग ये. आणि त्या उंच उमेदवाराच्या लोकांनी तुला काम करशील का विचारलंय, त्याचं उत्तर इथे येऊन दे. बाबांशी बोलून. त्यांच्याकडे मत आहे, सांगायला वेळ लागेल, आणि तुझ्याकडे आता वेळ आहे.

झटका आला तेव्हा त्या गिऱ्हाइकाचे केस अर्धे राहिले होते. काकाने ते पुरे करून दिले होते, पण तो भला माणूस काल पुन्हा आला होता. म्हणाला, "यांच्या हातचे होतील तेव्हाच पुढचे कापीन." आता कानांवर आलेत. बाबा त्याच्याकडे बघून मनसोक्त हसले. हसायला काही शिकावं लागलं नाही.

खोलीतली तुझी गादी उन्हात टाकली आहे. विमान कधीचं ते कळव, काका न्यायला येईल.

तुझी आई,
आणि शेजारी बसून "काय लिहिलंस" असं दुसऱ्यांदा विचारणारे तुझे बाबा